पहिल्या सभेला कोण कोण होतं

आमच्या महिला सेवा मंडळाचा नियम सोपा आहे: सभेत जी हजर नसेल, काम तिच्या गळ्यात. मी फोन घ्यायला पाच मिनिटं बाहेर गेले आणि परत येते तर काय, मी मंडळाची इतिहासकार झालेली. साठ वर्षांचा इतिहास, दोन महिन्यांत, फोटोंसकट.

"तुला लिहिता येतं ना गं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त चावटपणा सोडून लिही."

म्हणजे अर्धा इतिहास तिथेच गेला.

जुनी दप्तरं काढली. सेवा उदंड केलीय आम्ही. एका वर्षी भर उन्हाळ्यात ब्लँकेटं वाटली, कारण प्रमुख पाहुणे थंडीत मोकळे नव्हते. स्वच्छता मोहीम तर मला तोंडपाठ. रस्ता आधीच स्वच्छ निघाला तर फोटोत उचलणार काय? म्हणून हॉलची मावशी पहाटे दोन पोती कचरा आणून पसरायची आणि आम्ही गेलो की परत भरायची. मधली वीस मिनिटं समाजसेवा.

ही मावशी हॉलच्या मागच्या खोलीत राहते. दहा बाय आठ, एक खिडकी, नळ बाहेर. आधी तिची आई हॉल झाडायची, मग ही. जन्मसुद्धा तिथलाच.

पुढच्या सभेत अध्यक्षबाईंनी जाहीर केलं, "मागची खोली रिकामी करून तिथे इतिहास दालन करायचं. मावशी महिनाअखेर भाच्याकडे जाईल."

भाचा राहतो दोन बस बदलून, आणि त्याच्याकडे मावशीची सोय जिन्याखाली. मावशी तेव्हा कपबशा गोळा करत होती. तिने उरलेल्या कपबशा ट्रेमध्ये रचल्या आणि ती नळाकडे निघून गेली. माझे हात मात्र शिवशिवायला लागले.

दप्तरात पहिल्या सभेचा एकच फोटो होता. सात बायका, आणि ओल लागून सातही चेहरे गायब. नावं कुठेच नाहीत. आता गंमत बघा, आमच्या मंडळात एकतीस जणी, आणि त्या फोटोत आपली सासू आहे असं एकतीस जणी छातीठोक सांगतात. जिवंतपणी तिच्याशी धड बोलल्या नसतील, पण संस्थापक म्हटल्यावर सासू एकदम सोन्याची.

मी मागच्या खोलीत गेले. "मावशी, पहिली सभा या खोलीत झाली असेल ना गं?"

"देवाला ठाऊक. मी सहा वर्षांची होते, बाई."

"म्हणजे होतीस. झालं तर!"

मावशीने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही काय घोळ घालताय?"

"इतिहास लिहितेय."

मी लिहिलं: पहिली सभा मागच्या खोलीत भरली, त्या सभेची आज हयात असलेली एकमेव साक्षीदार म्हणजे मावशी. मग डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. "कुणाला सांगू नका, पण कोण कोण होतं ते मावशीला लख्ख आठवतंय." चिटणीसबाईंनाही हेच, शपथ घालून सांगितलं. आमच्याकडे शपथ घातली की बातमी जरा जास्त वेगाने पळते.

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या दारात रांग. कुणी स्वेटर, कुणी डबा, कुणी गुडघ्याचं तेल. डॉक्टरीणबाई तर स्वतः ब्लडप्रेशर बघायला आल्या. डॉक्टर खरं तर त्यांचे यजमान. पट्टा उलटा बांधला.

"मावशी, आमच्या सासूबाई उंच होत्या हो, मधोमध उभ्या असतील."

"बघू, आठवलं तर," मावशी म्हणायची आणि डबा ठेवून घ्यायची.

शेवटी भर सभेत अध्यक्षबाईंनीच विषय काढला. "मावशी, होऊन जाऊ दे एकदा. सांग नावं."

मावशी उठली, पदराला हात पुसले. "सांगितली असती, बाई. पण मला आठवतं ते त्या खोलीतच. बाहेर आलं की जातं. आता महिनाअखेर भाच्याकडे गेले, तर तितक्या लांबून काय आठवणार?"



"खोलीला कुणी हात लावणार नाही," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "संस्थेचं जन्मस्थान आहे ते!"

"दालन गच्चीवर होईल," अध्यक्षबाई घाईघाईने म्हणाल्या. "मावशी तहहयात इथेच राहील. लिहा ठराव."

"आणि नळ आत?" मावशीने विचारलं.

तोही लिहिला. मंडळाच्या साठ वर्षांतला हा पहिला ठराव, ज्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. सह्या झाल्या, शिक्का बसला. मावशीने कागद घडी करून कनवटीला लावला, खोलीत जाऊन आली आणि एकेक नाव घ्यायला लागली. अध्यक्षबाईंची सासू होती. डॉक्टरीणबाईंची होती, मधोमध. चिटणीसबाईंच्या दोन्ही होत्या, सासू आणि आजेसासू. दहा बाय आठमध्ये तीसच्या वर बायका बसल्या, आणि एकीलाही शंका आली नाही.

मला हसू आवरेना. म्हटलं, आपणही हात धुऊन घ्यावेत. "आणि आमच्या सासूबाई गं, मावशी?"

"त्या नव्हत्या," मावशी ठामपणे म्हणाली.

तीस माना माझ्याकडे वळल्या. काय ती दया त्या डोळ्यांत!

नंतर मी तिला मागे गाठलं. "अगं, माझ्याच सासूने काय घोडं मारलं होतं?"

"रागावू नका, बाई," ती म्हणाली. "सगळ्याच होत्या म्हटलं असतं, तर विश्वास कोण ठेवणार?"

घरी नवरा तीन दिवस बोलला नाही. मागच्या खोलीत मात्र प्लंबर आला होता.