डावी बाजू

महेजबीननं व्हिडिओ गेमच्या कन्सोलच्या दोन्ही कडांचे बटणांचे तुकडे खटाखट सरकवून काढले आणि डावा तुकडा भावाच्या मांडीवर टाकला.

"धर, भाई."

"मला न्हाय खेळायचं."

"नको खेळू. नुसता धर की!"

एजाजनं तो डाव्या हातात धरला. उजवा उशीवर पडून होता. तीन महिन्यांमागं टेंभुर्णीजवळ त्याचा ट्रक कलंडला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज व्यायामाला या, नाहीतर हात असाच राहील. आणि हा पठ्ठ्या चार दिवस गेला नि घरी बसला. कारण काय, तर बायकोच्या स्कूटीवर मागं बसावं लागतं! पंधरा वर्षं ट्रक हाकलेला माणूस, भर चौकातून सनाच्या मागं बसून जाणार? रिक्षा म्हणावी, तर स्टँडवरचे सगळे ओळखीचे, हात बघून हळहळायचे. ते तर त्याहून नको. सना सांगून सांगून थकली आणि शेवटी तिनं सांगोल्याला नणंदेला, महेजबीनला, फोन लावला. नणंदबाई सकाळच्या एसटीनं जुळे सोलापुरात हजर, पिशवीत लेकीचा कन्सोल घेऊन.

टीव्हीच्या मधोमध एक लहानशी चौकट उजळली. आत दोन ठेंगणे, चौकोनी डोक्याचे पैलवान. एजाज ताठ बसला.

"अगं, हा तोच हाय की!"

"तोच. जुने गेम मिळतात यात."

लहानपणी अब्बांनी मुंबईहून आणलेला तो हातात धरून खेळायचा गेम एकच होता आणि पोरं दोन. रोजच्या मारामारीला कंटाळून अम्मीनं निवाडा केला होता, दोघांनी एकेका हातानं खेळायचं. एजाज थोरला, त्यानं उजवी बाजू बळकावली. ठोसा, पकड, आपट, सगळी मजा तिकडं. धाकटीला उरली डावी, नुसतं पैलवानाला मागंपुढं चालवायची. खांद्याला खांदा लावून दोघं एकच पैलवान खेळवायचे. जिंकल्यावर मात्र "मी पाडला!" म्हणत गल्लीभर एकटा एजाज नाचायचा.

"आज मी मारणार," महेजबीन म्हणाली. "तू चालव."

"चालवायला काय लागतंय? जन्मभर तेच केलंय."

अर्ध्या मिनिटात पैलवान दोरांत अडकून मार खात होता. एक, दोन, तीन. खलास. दुसऱ्या डावात तर एजाजनं त्याला थेट समोरच्याच्या मिठीत नेऊन घातलं.

"आरं, मागं घे! त्यानं हात उचलायच्या आधी सरकायचं."

"आधी कसं कळणार?"

"मला कळायचं."

"आणि मी कधी मारणार, ते?"

"ते पण. मारायच्या आधी तुझा खांदा ताठ व्हायचा. तो मला लागला, की मी पैलवानाला पुढं न्यायचे. न्हाईतर लांबच ठेवायचे."

 पंचवीस वर्षं एजाज समजत होता, आपला नेम पक्का. कसला नेम आणि कसलं काय! ही एवढीशी पोरगी पैलवानाला नेमकं जागेवर नेऊन उभं करत होती. त्याला भारी शरम वाटली.

"मग कधी बोलली न्हाईस ते?"

"कुणाला सांगू? तू तर गल्लीत पळालेला असायचास!"

त्याला हसू फुटलं. तो सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. "लाव परत."

या वेळी पैलवान जिंकला नाही, पण पडलाही नाही. वेळ संपेपर्यंत उभा राहिला. महेजबीननं अशी आरोळी ठोकली, की सना पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिनं घड्याळाकडं पाहिलं. व्यायामाची वेळ व्हायला अर्धा तास होता.  हल्ली ती त्याची आठवणही करून देत नसे. ती वळणार, एवढ्यात एजाजनं हातातला तुकडा खाली ठेवला.

"सना, मागं बसल्यावर धरायचं कुठं असतं?"

सना दारातच थबकली. नणंदेकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"माझ्या खांद्याला," ती म्हणाली. "डावा हात पुरतो."