माळवदाखालचं झाड

"आत? माळवदाखाली? त्याला काहून कोंडता मरायला?" बाजेवरून सखुबाई ओरडली.

तिची सून शिवकन्या खाली बसून तुळशीजवळचं झाड उकरत होती. "आत्या, हितं उन्हातच मरून राहिलं ना हे. पानं बघा, पापडावानी झालीत."

"पानी म्या रोज तांब्याभर घालते."

"त्यानंच मुळं सडली, काकी," शेजारची अफशीन म्हणाली. तिनंच हे लेमन बाम नांदेडच्या नर्सरीतून आणून दिलं होतं. पुदिन्यासारखी पानं, लिंबासारखा वास. "थंडाव्याचं झाड हाये. सकाळचं कवळं ऊन दावा, बास."

थंडावा! वैशाखात या अंगणात बाजेच्या लोखंडाला हात लावला तरी फोड यायचा. गार जागा एकच, घरात, रांजणापाशी. आणि त्याच घरात सखुबाईनं दहा महिने झाले पाऊल टाकलं नव्हतं.

कुरुंद्याकडच्या या गावात भुई गुरगुरते. भांडी वाजतात, लोक बाहेर पळतात, फोनाफोनी करतात, परत आत जातात. गेल्या आषाढात जोराचा हादरा बसला, भिंतीला बोटभर चीर गेली, आणि सखुबाई बाहेर आली ती आलीच. किल्लारीच्या भूकंपात तिची थोरली बहीण अशाच माळवदाखाली गेली होती. मातीचं ते जड छत बघितलं की हिचा श्वास अडकायचा. पावसाळा गोठ्याच्या पत्र्याखाली काढला, उन्हाळा शेवग्याच्या विरळ सावलीत. झोप नाही, जेवण नाही. हाडं वर आली. मग या पाल्याचा काढा सुरू झाला. काढा प्याली की दोन घास खायची, दोन तास डोळा लागायचा. तेवढ्यावरच म्हातारी तग धरून होती. आणि आता झाडावर मोजून नऊ पानं राहिली होती.

"माय, गवताच्या काढ्यानं काय व्हतंय? दवाखान्यात चल," तिचा लेक भागवत म्हणायचा.

"दवाखान्याला छत न्हाई का?" ती विचारायची.

शिवकन्यानं तेलाच्या डब्याला खालून भोकं पाडली, मातीत वाळू कालवली, झाड लावलं आणि डबा रांजणापाशी खिडकीखाली नेऊन ठेवला. आठ दिवस एक पान तोडलं नाही. सखुबाई आठही दिवस टक्क जागी. दारापासून लांब उभी राहून विचारायची, "हाय का गं?"

"हाय आत्या. दोन कोंब आलेत."

नवव्या दिवशी शिवकन्या नळावर असतानाच भुईतून आवाज आला. खदखदत, लांबून जवळ. हंडा हातातून सुटला. ती पळत घरी आली तर बाज रिकामी.

"आत्या!"

आत माती पडल्याचा धप्प आवाज झाला. शिवकन्या दाराकडं धावली.

तेवढ्यात दारातून सखुबाई बाहेर आली. डोक्यात माती, पदर फाटलेला, आणि तेलाचा डबा पोटाशी कवटाळलेला.

"वरून माती पडून राहिली," ती धापा टाकत म्हणाली, "आन हे आत एकलंच व्हतं."

रानातून धावत आलेला भागवत बघतच राहिला. "माय, तू आत गेल्तीस?"

सखुबाईनं वळून दाराकडं बघितलं. मग डब्यासकट मटकन खाली बसली. डबा ओढताना एक फांदी मोडली होती. कोंबांचीच.

शिवकन्यानं फांदी पेल्यातल्या पाण्यात उभी केली.

"जगंल का?"

"अफशीन म्हणती मुळ्या फुटत्यात."

"आन डबा?"

"आतच ठिवावं लागंल आत्या. हितं सांजपर्यंत वाळंल."

माती अजून दारात भुरभुरत होती.

"ठिव," ती म्हणाली. "पर उंबऱ्याजवळ ठिव. मला पळायला लांब पडतंय."