दाताआडचा उजेड

लाल.

लाल उजेडात निळं कापड काळं दिसतं, हे टेलरमास्तरांना उशिरा कळलं. तयार कपड्यांमुळे धंदा बसला, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आपल्या गाळ्याचं तोंड त्यांनी जाहिरातवाल्याला भाड्याने दिलं. त्या भाड्यावर दुकान तगेल, एवढीच आशा. कापडी फलक आला तो थेट खिडकीवर बसला. गाद्यांची जाहिरात, लालभडक. आणि एका गिऱ्हाइकाची निळी पँट काळ्या दोऱ्याने शिवली गेली.

"अहो, ट्यूब लावा की," बायको म्हणाली. काजं ती करायची.

"लावलीये. दोरा उन्हातच जुळतो, बाई."

हिरवा.

कुठल्याशा केसांच्या तेलाचा. दुकानाची पाटी फलकाआड गेलेली. लोकांना वाटलं, मास्तरांनी गाशा गुंडाळला. दोरा जुळवायला मास्तर जिना उतरून रस्त्यावर जायचे. गुडघे बोंब मारायचे. आता कमाई म्हणजे फलकाचं भाडं, बाकी नावाला मशीन.

पांढरा.

जाहिरात कसली, आतून कळेना. खिडकीभर नुसतं पांढरं, पण कापड जाड; आत अंधुकच. मास्तरांनी कात्री घेतली. तळहाताएवढं भोक.

ऊन थेट मशीनवर पडलं. निळा निळा दिसला! मास्तर चक्क गुणगुणायला लागले.

"आज स्वारी खुशीत?"

"तू काजं कर."

दुपारी जाहिरातवाल्याचा एजंट धापा टाकत आला. "मास्तर, खाली या. बघा काय करून ठेवलंय!"

टूथपेस्ट. घराएवढी हसणारी बाई, आणि पुढच्याच दातात काळं भोक. बसस्टॉपवर लोक फोटो काढत होते.

"कंपनी भडकलीये. जाहिरात काढली, तर तुमचं भाडं बंद."

"काढा. फलकही काढा. मला उजेड तरी मिळेल."

"फलक कसा काढणार? करार तीन वर्षांचा. जाहिरात असो नसो, सांगाडा आणि कापड राहणार." एजंटने आवाज खाली आणला. "दात भरा, मास्तर. मी सांभाळून घेतो."

कापलेला तुकडा चिंध्यांतच होता. बायकोने दोन रिळं पुढे केली. मास्तरांनी ती कवडशात धरली, पांढऱ्यातला नेमका पांढरा निवडला. जाड सुई. टाक्याला टाका भिडवत आणला. कवडसा रुपयाएवढा झाला, मग बटणाएवढा, मग काजाएवढा.

"अगं, नीट बसलंय का बघ."

"भोक बुजल्यावर मला कुठं दिसतंय? हाताने चाचपा."

खालून एजंट ओरडला, "वा मास्तर! कळतसुद्धा नाही!"

मास्तरांनी गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.