टणकबाबांचे तीन थेंब

फळवाल्याच्या दोन खोल्यांत त्या दुपारी सत्तावीस माणसं ढसाढसा रडत होती, आणि घरात कुणी गेलेलं नव्हतं.

उलट आनंदीआनंद होता. फळवाल्यानं संत्र्याच्या खोक्याच्या फळ्या जोडून तीन तारांचं एक वाद्य बनवलं होतं. तार जरा ताणली की खुंटीचं भोक भुसभुशीत व्हायचं, खुंटी गरकन फिरायची आणि सूर खाली बसायचा. पाचर मारून झाली, दोरा गुंडाळून झाला, आठ महिने गेले. आणि आज टणकबाबा नावाच्या एका महाराजांनी भोकांत आपल्या बाटलीतल्या तीर्थाचे तीन-तीन थेंब सोडले, वरून कापसाचा बोळा फिरवला, तर बोळ्यातून चक्क धूर निघाला!

"निघाली! लाकडाची अशक्ती निघाली!" बाबा गरजले. "खिडक्या लावून घ्या, नाहीतर परत आत शिरेल! आता एकमेकांचे डोळे बघा. मन निर्मळ असेल त्यालाच पाणी येईल."

झालं! निर्मळपणाची चढाओढ लागली. आयुष्यात कुणासाठी टिपूस न गाळलेल्या घरमालकाच्या डोळ्यांना धारा लागल्या. शिंपीणबाई म्हणाल्या, "बघा हो, माझे दोन्ही वाहतायत!" हेडमास्तर नाक शिंकरत म्हणाले, "माझे कधीचे!"

कोरडा राहिला तो एकटा वेल्डर. बिचारा कामावरून तसाच आला होता, डोळ्यांवर चहूबाजूंनी बंद असलेला चष्मा चढवून.

"पापी!" बाबांनी बोट रोखलं.

वेल्डर शरमला. त्यानं चष्मा काढला, आणि अर्ध्या मिनिटात त्यालाही रडू फुटलं. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या. कोपऱ्यात उभी असलेली फळवाल्याची बायको मात्र त्या चष्म्याकडेच बघत राहिली. याच पुढच्या खोलीत ती पार्लर चालवायची, म्हणून सगळे तिला पार्लरवाली म्हणत.

फळवाल्यानं खुंटी पिळली. सोडल्यावर ती मागे फिरली नाही. तार खणखणीत वाजली, टाळ्या पडल्या, आणि त्या भरात तो म्हणाला, "बाबा, लाकडाला बळ आलं, मग माझ्या आईच्या हाडाला का नाही येणार?"

पार्लरवाली कोपऱ्यातून पुढे सरकली. आतल्या खोलीत निजलेल्या सासूबाई परवा मोरीत पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं; संध्याकाळी त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि उद्या सकाळी ऑपरेशन होतं. उशीर केलात तर आजी कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"का नाही?" बाबा म्हणाले. "हाड म्हणजे तरी काय, माणसातलं लाकूडच! अणूंना आज्ञा करायची, परमाणू आपोआप ऐकतात. अकरा थेंब लागतील."

फळवाल्यानं फोन काढला. "मग मी ऑपरेशन रद्दच करतो."

"थांबा!" पार्लरवाली आडवी आली. "वेल्डरभाऊ, चष्मा घाला बघू परत."

त्यानं घातला. हळूहळू रडू थांबलं.

"आता परत पापी झालात का हो?"

"मला काय ठाऊक, वहिनी?" तो घाबरून म्हणाला. "मी तर काहीच केलं नाही!"

तिनं पार्लरच्या खणातून एक इवलीशी बाटली आणि कापूस काढला. खोक्याचा एक कुजका तुकडा तिनं नखानं टोकरून दाखवला. त्यावर थेंब सोडले, कापूस फिरवला. धूर! जरा वेळानं तिनं तोच तुकडा खिळ्यानं खरवडला, तर खिळा नुसता घसरला. सगळ्यांचे डोळे पुन्हा वाहू लागले.

आणि हेडमास्तरांनी तिच्या पायांवर लोळण घेतली. "पार्लरमाता!"

"उठा आधी!" ती कडाडली. "माता कसली? बायकांची खोटी नखं चिकटवायचा डिंक आहे हा! पातळ असतो, भुसभुशीत लाकडात मुरतो आणि आतून घट्ट होतो. कापसावर पडला की तापतो, मग धूर निघतो. वाफेनं डोळे झोंबतात, आणि तुम्ही खिडक्या लावून बसलात. हे बघा, शिकत होते तेव्हा माझं बोट अस्संच भाजलं होतं. आणि असले अकरा थेंब हे माझ्या सासूच्या अंगावर ओतणार!"

"आमचं तीर्थ निराळं आहे!" बाबा ओरडले.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? ठेवा कापूस तुमच्याच मांडीवर आणि सोडा अकरा थेंब."

बाबांनी झटकन बाटली मुठीत लपवली. घाईत झाकण लावायचं राहिलं. मूठ उघडायला गेले, तर उघडेना. दुसऱ्या हातानं ओढायला गेले, तर तोही चिकटला. सगळ्यांना नमस्कार करत असल्यासारखे ते उभे राहिले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "हे सुटायला काही आहे का?"

"नेलपॉलिश पुसायचं पाणी आहे."

"अगं, आधी मंत्र म्हणू दे त्याला!" आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या.

खिडक्या उघडल्या तशी माणसं एकेक करून पांगली. फळवाला वाद्य मांडीवर घेऊन बसला. "पण लाकूड घट्ट झालं, ते तर खरं ना गं?"

"अगदी खरं. उपाय चांगलाच आहे, त्याला बाबा कशाला हवा? पुन्हा भोक सैल झालं तर तूच भर, खिडकी उघडी ठेवून. पण लाकूड मेलेलं असतं रे, त्याला डिंक पुरतो. आईचं हाड जिवंत आहे."

आता वाऱ्याची झुळूक येत होती, तरी फळवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी फोन लावणार होतो गं," तो म्हणाला. "खरंच लावणार होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात त्यानं डॉक्टरांना भंडावून सोडलं. सळई कुठं बसवणार? धोका किती? कशावरून सांगता? डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून मोडलेली जागा दाखवली, नमुन्याची सळई हातात दिली, आणि जे ठाऊक नव्हतं तिथं सरळ "ठाऊक नाही" म्हणाले.

बाबांना या पठ्ठ्यानं एक प्रश्न विचारला नव्हता! मंडळी, आपणही असेच. चमत्कार दिसला की हात आधी जोडतो आणि तोंड बंद करतो. तेवढं उलटं करा. आधी विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपली आई देऊ नका.

सहा आठवड्यांनी सासूबाई काठी टेकत मोरीपर्यंत एकट्या गेल्या, आणि दार लावून घेताना म्हणाल्या, "आता मागे येऊ नका कुणी."