एकाच क्षणी दोन घटना

"अहो, हिने चाळीस ओळींत लिफ्ट चालवली!" विभागप्रमुख पडद्याकडे बघत त्याला म्हणाले.

ही म्हणजे त्याची बायको. खरी लिफ्ट बसवण्याआधी ती संगणकावर चालवून बघायचा प्रोग्राम या कारखान्यात सतरा वर्षं तोच सांभाळत होता. सहा हजार ओळींचा. क्षणाक्षणाला थांबून तो प्रोग्राम विचारायचा, लिफ्ट कुठे आली, बटण दाबलं का, दार उघडलं का. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायको याच विभागात लागली आणि तिने सगळं नव्याने मांडलं. लिफ्टची गती सलग वाहणारी. बटण दाबणं, दार उघडणं या अधूनमधून घडणाऱ्या घटना. घटना घडली की गतीचा नियम बदलायचा. बस्स.

"तुम्हीच शिकवलं असणार," कुणीतरी म्हणालं. तो हसला. शिकवलं नव्हतं, हेच तर सलत होतं.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या ओळींत खोट शोधत बसला. मंगळवारी सापडली. लिफ्ट मजल्यावर पोचली आणि नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं गेलं, तर प्रोग्राम एकच घटना धरायचा. पोचल्याची घटना हरवायची. त्याला शीळ घालावीशी वाटली.

शुक्रवारी मालकांसमोर तिचं बोलून झालं, तसा तो उठला. "सहाव्या मजल्यावर पोचायची आणि बटणाची वेळ एकच टाक."

तिने टाकली. पडद्यावरची लिफ्ट सहावा मजला ओलांडून छतातून वर निघून गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"याला म्हणतात अनुभव!" मालक म्हणाले.

"दुरुस्त करते," ती म्हणाली आणि वहीत टिपून घेतलं.

घरी काकडी चिरता चिरता तिने विचारलं, "कधी सापडलं तुला?"

"मंगळवारी."

सुरी थांबली. "मंगळवारी रात्री जेवताना मी विचारलं होतं, काही चुकतंय का बघशील? तू म्हणालास, झकास आहे."

"अगं, मला वाटलं..."

"चूक खरीच होती. सापडली ते बरं झालं."

सोमवारी दुरुस्त केलेल्या प्रोग्रामवर तिने त्याचंही नाव घातलं, स्वतःच्या नावाच्या आधी. पुढेही ती घरी त्याच्यासमोरच काम करत बसायची. पडदा कधी वळवला नाही. फक्त विचारायची थांबली.