धुतलेलं तोंड

मी सुलतानपूरच्या शाळेत मुलांना दरवर्षी तंबाखूमुक्तीची शपथ देतो. तेव्हा तंबाखू-सुपारीचा खर्रा माझ्या डाव्या गालात असतो, त्यामुळे आवाज जरा जड येतो. मुलांना वाटतं, सर गहिवरले.

त्याच गालात चार महिन्यांपूर्वी पांढरा डाग दिसला. दाढी करताना मी तो पाहायचो आणि आरसा उलटा ठेवायचो. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा हा उपाय. कौशल्याला, म्हणजे बायकोला, सांगितलं नाही. ती घाबरेल, असं मी मनाला समजावत होतो. घाबरलो होतो मी.

मग लोणारला शिबिर लागलं. लाळेतल्या जंतूंवरून तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा माग लागतो का, याचा अभ्यास चालला होता. नळीत लाळ द्यायची, एवढंच. तोंड उघडून दाखवायचं नाही, हे ऐकूनच मी नाव नोंदवलं. सकाळपासून काही खाऊ नका, चूळही भरू नका, असं कागदावर लिहिलं होतं. पण डॉक्टरसमोर घाणेरडं तोंड घेऊन जायचं? मी तीनदा ब्रश केला, मिठाच्या गुळण्या केल्या आणि वर दोन लवंगा चावल्या.

नळी हातात आली आणि तोंड कोरडं पडलं. बावीस वर्षं थुंकताना शाळेची भिंत, एसटीची खिडकी, कशालाच न सोडणारा मी चमचाभर लाळ काढताना घामाघूम झालो. शिबिरात नमुने घेणारी रुपाली माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला लवंगेचा वास आला.

"सर, आम्हाले जंतूच पायजे होते," ती म्हणाली. "तुम्ही तर सारे धुऊन आले. उद्या तसेच या."

सूचना नीट वाचा, असं मी तिला तीन वर्षं बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी कौशल्या न विचारता सोबत आली. रुपाली फॉर्म भरू लागली. तंबाखू खाता का? मी म्हणालो, कधीमधी, सणावारी. तोंडात काही त्रास? काही नाही.

कौशल्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "लिही पोरी, बावीस वर्षं झाले. डाव्या गालात डाग हाये, दाढी करतानी आरशात पायतात ते मले दिसते. यायले तिखट झोंबते म्हणून चार महिने झाले, मी भाजीत मिरची टाकत नाही. मले वाटे, आज सांगतीन, उद्या सांगतीन."

तिच्या हाताची चव गेली, असं मी दोनदा तिला ऐकवलं होतं. आता फार लाज वाटली.

रुपालीनं नळी बाजूला ठेवली. अभ्यास होत राहील, डाग मात्र आधी डॉक्टरांनी पाहायला हवा, म्हणाली. मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बारीकसा तुकडा तपासायला घेतला. रिपोर्ट आठ दिवसांनी येणार होता.

रात्रीचं जेवण फिकंच होतं. कौशल्याला ठेच्याशिवाय घास उतरत नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्या ताटात पाहिलं. ठेचा नव्हता. तुझ्यापुरता तरी वाटून घे, मी म्हणालो.

"रिपोर्ट येऊ द्या," ती म्हणाली. "मंग दोघं मिळून खाऊ."