फौजदाराची टोपी

“फायर!” मी विंगेतून हळूच म्हणालो.

खाकी कपड्यांतला फौजदार हात वर करून नुसताच उभा. मला वाटलं, राजाराम वाक्य विसरला. मी पुन्हा म्हणालो, “फायर!” तिसऱ्यांदा तर इतक्या मोठ्यानं, की पहिल्या रांगेला ऐकू गेलं असावं. प्रॉम्प्टरला स्टेजवरची शांतता सोसत नाही. आमचा तो रोगच आहे. शेवटी राजाराम ओरडला, “फायर!” बंडूनं मागे फटाका फोडला, मोर्चातली चार पोरं आडवी झाली आणि पहिल्या रांगेतली एक बाई उठून चालू लागली.

ती शेवंती, राजारामची थोरली बहीण. तिचा एकुलता एक मुलगा आनंदा आदल्या वर्षी, छप्पनच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला होता. एकोणीस वर्षांचा. हुतात्म्याची आई म्हणून मंडळींनी तिला त्या दिवशी परळच्या मैदानात मानानं पुढे आणून बसवलं होतं. ती येणार हे राजारामला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही तिला कधी खरं सांगितलं नव्हतं. कलापथकात आपण ढोलकी वाजवतो, असं तिला सांगून ठेवलं होतं.

राजाराम घाडी गिरणीत साच्यावर कापड विणायला होता, मी तिथेच कारकून. फौजदाराचं काम घ्यायला पथकात कुणी तयार नव्हतं. लोक चपला फेकत.

“मी करतो रे,” राजाराम म्हणाला होता. “फौजदारच नसला तर गोळी कोण झाडणार? नि गोळी नाही झाडली तर आमचा आनंदा गेला कसा, ते लोकांना दिसणार कसं?”

प्रयोग संपल्यावर मी त्याच्यावर डाफरलो, “विसरलास काय रे?”

“नाय,” खोटी मिशी सोलून काढत तो म्हणाला. “आक्का समोर होती.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शब्द तर मीच त्याच्या तोंडात कोंबला होता, तोही तीनदा.

त्या भाऊबिजेला राजाराम तिच्या दारात गेला तेव्हा दार आतून लागलेलं होतं. लालबागच्या एकाच चाळीत, दोन खोल्यांच्या अंतरावर दोघं राहत. नळावर गाठ पडली की ती बादली अर्धी भरलेली ठेवून निघून जाई. महाराष्ट्र झाला, पेढे वाटले, नाटक बंद पडलं. दार मात्र उघडलं नाही.

मग बहात्तर साली मुंबईत टीव्ही आला आणि राजारामचं नशीब उघडलं. नशीब म्हणजे काय, तर तीच खाकी. उंची, दरडावणारा आवाज, रोखलेले डोळे. वरळीच्या टीव्ही केंद्रातून बोलावणं आलं की इन्स्पेक्टरचंच. मधल्या खोलीतल्या कमलाबाईंकडे सारा मजला टीव्ही बघायला जमे. शेवंती उंबऱ्याशी बसे, आणि भाऊ दिसला की उठून जाई. वर्षभर मी हे बघत होतो.

पुढच्या दिवाळीआधी त्याला टीव्हीवरच्या एका नाटकात काम मिळालं. इन्स्पेक्टर एका आईला मुलगा गेल्याचं सांगायला येतो, एवढंच. वाक्य एकच: “बाई, तुमच्या मुलाला आम्ही वाचवू शकलो नाही.” ते त्यानं माझ्यासमोर दहादा म्हणून पाहिलं.

नाटक लागलं त्या संध्याकाळी मीही कमलाबाईंकडे होतो. पडद्यावर दार उघडलं. राजाराम दिसताच शेवंती उठली. राजारामनं टोपी काढली, समोरच्या बाईकडे पाहिलं आणि गप्प राहिला. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तो बोललाच नाही. टोपी हातात धरून खाली मान घालून उभा राहिला. शेवंती अर्धवट उठलेली, चौकट धरून तशीच थांबली. नाटक पुढे सरकलं तरी तिथेच होती.

“विसरलास काय रे?” दुसऱ्या दिवशी मी विचारलं.

“नाय.”

“मग निर्माता काही बोलला नाही?”

“म्हणाला, राहू दे, बरं वाटतंय.”

भाऊबिजेला शेवंतीचं दार उघडं होतं. राजाराम मला हात धरून सोबत घेऊन गेला; एकट्यानं जायचा त्याला धीर नव्हता. आत पाट मांडलेला, भोवती रांगोळी. तो बसला. ताम्हण उचलता उचलता ती थांबली.

“टोपी खंय?”

राजारामनं डोक्यावर हात फिरवला. गडबडीत टोपी राहिली होती. मी घरून आणतो म्हणणार होतो, पण गप्प बसलो.

“उघड्या डोक्यान ओवाळूचा नाय,” ती म्हणाली. तिनं कोपऱ्यातली ट्रंक उघडली आणि घडी घातलेली एक पांढरी टोपी काढली. सतरा वर्षांत पिवळी पडलेली. आनंदाची. ती तिनं स्वतःच्या हातानं भावाच्या डोक्यावर घातली.

टोपी त्याला लहान होत होती. ओवाळणं संपेपर्यंत राजारामनं ती एका हातानं धरून ठेवली.